‘मारू नकोस’च्या पुढे काय सांगायचं?

*वाचकांचे प्रश्न : मुलांचा राग, मारामारी आणि वागणूक*

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. आठवड्यातून दोनदा तरी शाळेतून चिठ्ठी येते. रांगेत कुणाचा धक्का लागला की हा सरळ ठोसा लगावतो. विचारलं की म्हणतो, “त्यानेच मुद्दाम ढकललं.” शंभरदा समजावलं, त्याच्या बाबांनी दोनदा चोपही दिला. पालथ्या घड्यावर पाणी. घरी मात्र तो लाघवी आहे, धाकट्या बहिणीला जपतो. मग शाळेतच असं का? *— एक आई, इचलकरंजी*

उत्तर : “त्यानेच मुद्दाम ढकललं” म्हणताना तुमचा मुलगा बहुधा खोटं बोलत नाहीये. त्याला खरोखरच तसं दिसतं.

अमेरिकेत केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलगा एक कोडं जुळवत बसलेला असतो आणि शेजारच्या खोलीतला दुसरा मुलगा ते विस्कटतो, असं त्याला भासवायचं. काहींना कळायचं की ते मुद्दाम केलं, काहींना कळायचं की चुकून झालं, आणि काहींना काहीच धड कळायचं नाही. चूक उघड दिसत होती तिथे मारकुट्या मुलांनीही इतरांसारखाच संयम दाखवला. फरक पडला तो फक्त संदिग्ध प्रसंगात. तिथे मारकुट्या मुलांनी “मुद्दामच केलंय” असं धरून चालायचं ठरवलं. आता डब्याची रांग डोळ्यांपुढे आणा. तिथला प्रत्येक धक्का संदिग्धच असतो. घरी बहिणीचा धक्का लागतो तेव्हा ती कोण, काय, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तिथे हात उठत नाही.

म्हणजे त्याला नियम माहीत नाही असं नाही. ‘मारू नये’ हे तो तुम्हाला पाठ म्हणून दाखवेल. त्या दोन-तीन सेकंदांत काय बघायचं, हातांचं काय करायचं, तोंडाने काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. सायकल शिकवताना आपण ‘पडू नकोस’ एवढंच सांगून सोडून देत नाही ना, तसंच हे.

शिकवायचं ते असं. धक्का लागला की दोन्ही हातांनी डबा घट्ट धरायचा. मग ज्याचा धक्का लागला त्याच्या तोंडाकडे बघायचं : तो तुझ्याकडे बघून हसतोय, की स्वतःच मागे वळून बघतोय? त्याला मागून कुणी ढकललं का? मनात विचारायचं, ‘चुकून की मुद्दाम?’ कळत नसेल तर ‘चुकून’ धरायचं. मग नेहमीच्या आवाजात म्हणायचं, “अरे, धक्का लागला मला.” पुन्हा झालं तर रांगेतून एक पाऊल बाहेर यायचं आणि बाईंना सांगायचं. सगळं इतकंच, पण याच क्रमाने.

सरावासाठी आठवड्यातून चार दिवस, दहा-दहा मिनिटं पुरेत. शाळेचाच डबा घ्या, घराच्या बोळात रांग करा. पहिले दोन दिवस तुम्ही ‘तो’ व्हा आणि त्याला धक्का देऊ द्या. मनात चाललेलं मोठ्याने बोला : “आई गं, लागलं... डबा धरते... हा तर मागे बघतोय, म्हणजे ह्यालाच कुणीतरी ढकललंय.” हे मोठ्याने बोलणं वगळू नका. मुलाला तुमचं वागणं दिसतं, त्यामागचा विचार दिसत नाही. मग त्याची पाळी. आधी हलका धक्का, नंतर जरा जोराचा, शेवटी पाणी सांडेल असा. ‘चुकीचं कसं वागतात’ ते त्याला करून दाखवायला सांगू नका. ठोशाचा सराव त्याला भरपूर झालेला आहे. नुसतं ‘शाब्बास’ही म्हणू नका. “हात डब्यावरच ठेवलेस आणि आधी त्याच्या तोंडाकडे बघितलंस,” असं नेमकं सांगा, म्हणजे उद्या काय पुन्हा करायचं ते त्याला कळेल.

हे बिघडतं कुठे? बहुतेक घरांत मुलाला ‘दुर्लक्ष कर’ सांगतात. दुर्लक्ष करणं म्हणजे काही न करणं, आणि चिडलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ‘काही न करणं’ जमत नाही. हातांना काम द्यावं लागतं, म्हणून तो डबा. दुसरं, घाईने वदवून घेतलेलं ‘सॉरी’. त्याने भांडण मिटतं, पण पुढच्या धक्क्याला काय करायचं ते मूल शिकत नाही. आणि चोप : मोठ्या माणसाला राग आला की तोही हातानेच बोलतो, एवढंच त्यातून मूल उचलतं. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार बंदी आहे. घरीही ते पथ्य पाळलेलं बरं.

वर्गशिक्षिकेला दोनच गोष्टी मागा. काही आठवडे त्याला रांगेत शेवटी उभं करा. मागे कुणी नसलं की धक्के कमी होतात. मात्र ही शिक्षा नाही हे त्याला आधी सांगायचं. आणि तो थांबलेला दिसला तर लांबूनच एक खूण करा, नुसती मान हलवली तरी चालेल. न मारलेला ठोसा कुणाच्या नजरेत येत नाही, हेच या मुलांचं दुःख असतं.

तो घरीही एका जागी बसत नसेल, वस्तू सतत हरवत असेल, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. अतिचंचलता असेल तर तिचे वेगळे उपचार आहेत आणि ते केल्यावर हा सरावही लवकर अंगी लागतो.

---

प्रश्न : ‘उशीवर बुक्के मारून राग काढ’ असं आम्ही मुलीला सांगतो. काहींनी पंचिंग बॅग घ्यायला सुचवलं आहे. उपयोग होईल का? *— एक पालक, पनवेल*

उत्तर : नाही. राग वाफेसारखा कोंडतो आणि बाहेर काढला की ओसरतो, ही समजूत फार जुनी आहे, पण चुकीची आहे. ब्रॅड बुशमन यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात महाविद्यालयीन मुलामुलींवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याने अपमान केला त्याचा चेहरा मनात आणून बॅगेवर ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले राहिले, आणि काहीच न करता दोन मिनिटं बसलेले सगळ्यांत कमी. उशीवर बुक्के मारताना मुलगी राग काढत नाही, ती मारण्याचीच तालीम करत असते. कराटे किंवा कबड्डी लावायची असेल तर खुशाल लावा, पण ती राग काढण्यासाठी नको. प्रशिक्षक शिस्तीचा असेल तर तिथे पाळी, नियम आणि हार पचवणं शिकायला मिळतं, त्यासाठी लावा.

---

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आठवी-नववीतली सहा मुलं सतत राडा करतात. मुख्याध्यापकांनी मला आठवड्याला तीन तास दिले आहेत. या सहा जणांचा गट करून काय शिकवावं? *— एक शिक्षक, नांदेड जिल्हा*

उत्तर : तीन तास मिळाले हे मोठंच. पण त्या सहा जणांचाच गट करू नका, ही पहिली विनंती. राडा करणारी मुलं एकत्र बसवली की एकाच्या पराक्रमावर बाकीचे हसतात, आणि ते हसणं तुमच्या शिकवण्यापेक्षा भारी पडतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच दाखवून दिलं : बिघडलेल्या मुलांचेच गट केले तर काही वेळा वागणं सुधारण्याऐवजी आणखी बिघडतं. सहांपैकी तीन घ्या आणि वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशी तीन-चार शांत मुलं जोडीला घ्या. उरलेल्या तिघांचा दुसरा गट पुढच्या सत्रात. एका गटात सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त नकोत. सोबत दुसरा शिक्षक हवाच, कारण प्रसंग करून दाखवायला दोन माणसं लागतात. गटाला ‘समुपदेशन’ असं नाव देऊ नका. पहिल्याच दिवशी अख्ख्या शाळेत ‘वेड्यांचा तास’ म्हणून बोंब होईल.

तीन तासांसाठी तयार आराखडा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात आर्नोल्ड गोल्डस्टीन यांनी १९८० च्या दशकात तो बसवला : दहा आठवडे, आठवड्याला तीन बैठका. एक कौशल्याची, एक रागावर ताबा मिळवण्याची, एक योग्य-अयोग्याचा विचार करण्याची. किशोरवयीन मुलांसाठी त्यांनी ५० कौशल्यांची यादी केली आणि प्रत्येकाच्या चार-पाच-सहा पायऱ्या पाडल्या. तुम्हाला पन्नास लागणार नाहीत, दहा आठवड्यांत दहा नीट झाली तरी खूप. कुठली दहा, ते मुलांनाच विचारा. “शेवटची मारामारी कशावरून झाली?” एवढाच प्रश्न. डिवचणं, खोटा आळ, आईवरून शिवी, मित्राच्या भांडणात ओढलं जाणं, सरांनी सगळ्यांसमोर बोलणं : यादी आपोआप तयार होते. सुरुवात मात्र सोप्या कौशल्याने करा, उदाहरणार्थ ‘मदत मागणं’. पहिल्याच आठवड्यात आईवरच्या शिवीला हात घातलात तर तास हातातून जाईल.

कौशल्याची बैठक अशी चालते. पहिली सात-आठ मिनिटं मागच्या सरावाची विचारपूस. मग कौशल्याचं नाव आणि पायऱ्या फळ्यावर. त्यानंतर तुम्ही दोघे शिक्षक दोन वेगवेगळे प्रसंग करून दाखवता, मनातला विचार मोठ्याने बोलत. मग मुलांची पाळी. इथे एक गोष्ट काटेकोरपणे सांभाळा : प्रत्येक मुलगा *स्वतःचा* प्रसंग करतो, तुम्ही रचलेला नव्हे. कुणाशी, कुठे, कधी, तो काय म्हणतो, हे आधी विचारून घ्या आणि समोरच्याचं काम करायला त्याच्यासारखाच बोलणारा मुलगा त्याला निवडू द्या. बाकीच्यांना एकेक पायरी वाटून द्या, एकाने आवाज बघायचा, दुसऱ्याने हात. प्रसंग झाला की आधी समोरच्या भूमिकेतला मुलगा सांगतो, ‘मला काय वाटलं’. मग निरीक्षक, मग तुम्ही, आणि शेवटी ज्याने केलं तो स्वतः. हा क्रम मोडून तुम्ही शेवटी बोललात तर शिक्षकांचा शब्द अखेरचा ठरतो आणि मुलं गप्प होतात.

भाषेकडे फार लक्ष द्या, कारण इथेच बहुतेक शाळांचे प्रयत्न फसतात. पुस्तकात असतं, “तुझं बोलणं मला आवडलं नाही.” नववीतला मुलगा सायकल स्टँडवर हे वाक्य बोलला तर त्याची महिनाभर टिंगल होईल आणि तो पुन्हा ठोशावर येईल. “बास ना भावा, झालं आता,” असं म्हणून दप्तर खांद्यावर टाकून चालू लागणं, हे त्याच्या तोंडी शोभतं आणि त्याची पतही राहते. वाक्य कोणतं ते मुलांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त तीन गोष्टी तपासा : शिवी नको, आव्हान नको, आणि बोलून झाल्यावर पाय हलले पाहिजेत. तिथेच उभं राहिलं की दुसरा ठिणगी टाकतोच.

रागाच्या बैठकीत साखळी शिकवायची. बाहेरची ठिणगी म्हणजे समोरच्याचा शब्द. आतली ठिणगी म्हणजे त्या शब्दावर मनात उठलेलं वाक्य : ‘सगळ्यांसमोर इज्जत काढली’. खरा भडका आतल्या ठिणगीचा असतो. मग शरीराची खूण. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाच्या मुठी वळतात. प्रत्येकाने आपली खूण शोधायची, कारण ती दिसली तरच पुढचं जमतं. मग उतारा : तीन सावकाश श्वास, किंवा वीसपासून उलटे आकडे. मग मनातलं नवं वाक्य, ‘हा मला अडकवायला बघतोय’. शेवटी स्वतःला गुण. यासाठी प्रत्येकाला एक छोटी ‘कटकटीची वही’ द्या. कुठे झालं, कोण होतं, मी काय केलं, राग पाचपैकी किती, कसं निभावलं पाचपैकी किती. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी नुसत्या टिका करता येतील असे रकाने आखा. वही तपासून लाल शेरा मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोरी येईल.

तिसऱ्या बैठकीत एखादा पेच मांडा. मित्राने चोरलेला मोबाइल तुझ्या दप्तरात ठेवलाय, सर विचारतायत. उत्तर तुम्ही सांगायचं नाही, फक्त ‘का?’ विचारत राहायचं. मुलं हटकून ‘त्यात काय एवढं’ आणि ‘त्यानेच सुरू केलं’ यावर येतील. ती वाक्यं फळ्यावर लिहा आणि शांत मुलांना त्यांवर बोलू द्या. प्रौढांच्या प्रवचनापेक्षा बरोबरीच्या मुलाचा एक प्रश्न जास्त लागतो.

आणि सगळ्यांत नाजूक भाग : वर्गात जमलेलं बाहेर जमत नाही. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सराव खोलीबाहेर न्या. भांडण पाण्याच्या टाकीपाशी होत असेल तर टाकीपाशीच उभं राहून करा. पीटीचे सर आणि शिपाईमामांनाही पायऱ्या सांगून ठेवा. मैदानावर कुणी “श्वास घे रे” एवढं म्हणालं तरी मुलाला आठवतं. गृहपाठ नेहमी माणूस, जागा आणि वेळ ठरवून द्या. ‘या आठवड्यात शांत राहा’ हा गृहपाठ नव्हे. ‘गुरुवारी मधल्या सुट्टीत अमुक जण चिडवेल तेव्हा’ हा गृहपाठ. दहा आठवडे संपल्यावर महिन्यातून एक बैठक चालू ठेवा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

---

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ती कधी कुणावर हात उगारत नाही. पण तिने आणि आणखी तिघींनी एका मैत्रिणीला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही असं वर्गात ठरवलं. बाईंनी याला ‘आक्रमक वागणं’ म्हटलं. हे जरा अतीच नाही का? *— एक आई, ठाणे*

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निकी क्रिक यांनी १९९० च्या दशकात या वागण्याचा अभ्यास केला. दुसऱ्याचं नातं तोडून, एकटं पाडून, अफवा पसरवून दुखावणं हीसुद्धा आक्रमकताच. वळ उठत नाही, म्हणून घरच्यांना दिसत नाही.

तिला रागवण्याआधी एवढंच विचारा : त्या मुलीचा तुला राग आला तो नेमका कधी? बहुतेक वेळा मुळाशी छोटी गोष्ट निघते. माझ्या मैत्रिणीशी ती जास्त बोलायला लागली, माझं गुपित तिने सांगितलं. हे तोंडावर सांगता येत नाही म्हणून मग चौघींची फौज उभी राहते. तेव्हा शिकवायचं कौशल्य आहे ‘एकटीने, एकटीला, तोंडावर सांगणं’. ग्रुपवर नाही, साक्षीदार घेऊन नाही. “तू माझी गोष्ट बाकीच्यांना सांगितलीस, मला वाईट वाटलं. पुन्हा नको सांगूस.” तीन छोटी वाक्यं, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द वगळून. तुमच्याबरोबर चार-पाच वेळा म्हणून बघू द्या. तुम्ही मैत्रीण व्हा आणि मुद्दाम रडा, नाकारा, उलट बोला, म्हणजे प्रत्यक्षात ती गडबडणार नाही.

काढलेल्या मुलीला परत घेणं हा वेगळा भाग. तो तुमच्या मुलीनेच करायचा, आणि नुसतं ग्रुपमध्ये नाव जोडून नाही. मधल्या सुट्टीत चार जणींसमोर तिच्याशेजारी जाऊन बसायचं. ज्यांच्यासमोर वाळीत टाकलं, त्यांच्यासमोरच ते मोडावं लागतं.

---

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रात्री फोन मागितला की आरडाओरडा, दार आपटणं. गेल्या आठवड्यात त्याने आईला ढकललं, तिचा हात ओट्याला लागून सुजला. मी दुकानातून उशिरा येतो आणि मग माझा पारा चढतो. आता तो माझ्याशी बोलतच नाही. *— एक वडील, नाशिक*

उत्तर : आईला लागलं आहे, तेव्हा आधी त्याचं. भडका उडालेला असताना आईने त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नये, त्याच्या हातातून फोन हिसकावू नये, धाकटं भावंड असेल तर त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत जावं. ही माघार नाही. त्या क्षणी कुणालाच काही शिकवता येत नसतं.

आता हे घडतं कसं ते बघा. आई फोन मागते, तो ओरडतो, ती म्हणते “जाऊ दे, घे दहा मिनिटं”, आणि घर शांत होतं. तो शिकतो की ओरडलं की फोन राहतो. आईही नकळत शिकते की सोडून दिलं की ओरडणं थांबतं. पुढच्या वेळी ती अर्धा तास जास्त ताणते, तो दार आपटतो, आणि ती पुन्हा सोडते. म्हणजे आता दार आपटावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन कुटुंबांचं वागणं मिनिटामिनिटाला नोंदवलं आणि हीच चढती शिडी दाखवून दिली. ढकलणं ही तिची वरची पायरी. यात आईचा दोष नाही, ती दमलेली असते.

शिडी उतरायची तर नियम भांडणाच्या वेळी ठरवू नका. रविवारी दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर, तिघांनी बसा. फोन किती वाजता, कुठे ठेवायचा (हॉलमधल्या चार्जरला, सगळ्यांचेच), मॅच असेल त्या दिवशी काय, हे त्याला मांडू द्या. इथे त्याला वाटाघाटी शिकवायच्या आहेत. आपलं म्हणणं सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं, *त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं*, आणि मग मधला मार्ग सुचवायचा. तिसरी पायरी बहुतेक मुलं गाळतात. “आई, तुला वाटतं की मी उशिरा झोपलो तर सकाळी क्लास बुडतो. मॅच साडेदहाला संपते. मॅचच्या दिवशी पावणेअकरा आणि बाकी दिवस दहा, चालेल?” असं आलं तर शक्य तेवढं मान्य करा, म्हणजे बोलण्याने काम होतं हे त्याला पटेल. ठरलेलं कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

नियम लागू झाल्यावर पहिले काही दिवस त्रास कमी न होता वाढेल, कारण आजवर चाललेली युक्ती तो जास्त जोर लावून करून बघणार. इथेच बहुतेक घरं हार मानतात, आणि आणखी वरची पायरी त्याला शिकवून बसतात. एकच वाक्य, एकदाच : “दहा वाजले, फोन चार्जरला.” मग तिथून बाजूला व्हा. दिला नाही तर त्या रात्री भांडण नाही, दुसऱ्या दिवशीचा फोन बंद. आधी लिहिलेलं असेल तेवढंच, जास्तीचं नाही.

तुम्ही उशिरा आल्यावर दिवसभराचा हिशेब चुकता करू नका. तीन तासांपूर्वीच्या भांडणाची रात्री बाराला झालेली शिक्षा त्याच्या लेखी तुमचा राग असतो, त्याच्या वागण्याचा परिणाम नसतो. ढकलण्याबद्दल मात्र गप्प बसू नका. शांत वेळी, आईसमोर : “या घरात कुणी कुणाला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.” हे शेवटचे दोन शब्द तुम्ही पाळणार असाल तरच बोला. आणि आईचा हात बरा होईपर्यंत भांडी, पाणी भरणं त्याच्याकडे, टोमणे न मारता.

हातात हत्यार घेतलं, पुन्हा कुणाला इजा केली, प्राण्यांना छळतो, जीव देण्याची भाषा करतो, व्यसनाची शंका आहे, किंवा चार-सहा आठवड्यांत मुलगा एकदम बदलला आहे, यांपैकी काहीही असेल तर घरच्या उपायांवर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. मुलाच्याच जिवाला धोका वाटला तर मुलांसाठीची चाइल्डलाइन, १०९८.

तो बोलत नाही त्याबद्दल : उद्या दुकानातून आल्यावर त्याच्या दारावर टकटक करा आणि फोनचा, अभ्यासाचा, आईचा विषय न काढता “जेवलास का?” एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल. आठवडाभर रोज विचारा, आणि रविवारची बैठक त्यानंतरच ठेवा.